नकाराचे कारण : वाहनविम्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

परभणी जिल्ह्यात विम्याचा विषय निघाला की बोलणे पहिल्यांदा सोयाबीनवर जाते. पीकविम्यासाठी इथे उपोषणे झाली, मोर्चे निघाले. हप्ता, पंचनामा, भरपाई हे शब्द जिंतूरपासून पालमपर्यंत कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. गाडीच्या विम्याचे तसे नाही. पीकविम्याचा नकार गावाला मिळून येतो, म्हणून त्याचा आवाज होतो. गाडीच्या विम्याचा नकार एकट्याला, टपालाने येतो. ज्याला येतो तो अपघाताने किंवा चोरीने आधीच खचलेला असतो. तो पत्र कोणाकडून तरी वाचून घेतो, एजंटाला दोन शब्द सुनावतो आणि ‘क्लेम बसला नाही’ म्हणून विषय सोडून देतो.

या सुट्या सुट्या नकारांचा एकत्र विचार करणारे एक अभ्यासक्षेत्र आहे. त्यात करार कायदा आहे, मोटार वाहन कायदा आहे, ग्राहक चळवळीचा इतिहास आहे आणि विम्याच्या धंद्याचे अर्थशास्त्रही आहे. नव्या वकिलांनी, ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी, विमा एजंटांनी आणि चार टेम्पो बाळगणाऱ्या मालकांनीही इथे यावे, अशी या प्रस्तावनेमागची इच्छा आहे. कायद्याची पदवी हवीच असे नाही. कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची चिकाटी मात्र हवी.

सगळ्या विषयाचे सार आधीच सांगतो. विमा कंपनीला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आहे. पण दावा नाकारायचा तर त्याला कारण लागते, ते कारण लेखी लागते, आणि बहुतेक वेळा त्या कारणाचा झालेल्या नुकसानीशी संबंध लागतो. गेल्या चार दशकांतले बहुतेक महत्त्वाचे न्यायनिर्णय या तिसऱ्या अटीभोवती फिरतात. कोणत्या टप्प्यावर कोणी नाही म्हटले, हे नीट ओळखता आले की अर्धा अभ्यास झाला. असे टप्पे चार आहेत.

पहिला टप्पा पॉलिसी घेण्याचा. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा, म्हणजे आपण ज्याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतो तो, १ जुलै १९४६ पासून सक्तीचा झाला. तो १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखालचा ब्रिटिश हिंदुस्थानातला नियम होता. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे त्या नियमाच्या कक्षेबाहेर होते. आज हीच सक्ती १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ मध्ये आहे. विम्याविना गाडी रस्त्यावर आणली तर कलम १९६ प्रमाणे पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे घेणाऱ्यावर सक्ती आहे. मग विकणाऱ्यावरही असायला नको का?

हा प्रश्न बराच काळ उघडपणे विचारलाच गेला नाही. १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचा धंदा चार सरकारी कंपन्यांकडे होता आणि दर ठरलेले होते. पुढे खासगी कंपन्या आल्या. १ जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले, थर्ड पार्टीचे दर मात्र बांधलेलेच राहिले. ट्रक-टेम्पोंच्या अपघातांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे द्यायला लावत असलेली भरपाई आणि या गाड्यांचा बांधलेला हप्ता यांचा मेळ बसत नाही, असे कंपन्यांचे म्हणणे होते. मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा द्यायला त्या टाळाटाळ करू लागल्या. म्हणून एप्रिल २००७ मध्ये व्यापारी वाहनांच्या थर्ड पार्टी जोखमीचा सामायिक निधी आला. तो तोट्यात गेल्यावर एप्रिल २०१२ मध्ये कंपन्यांना नको असलेल्या गाड्यांसाठी ‘डिक्लाइन्ड रिस्क पूल’ सुरू झाला. नाकारलेल्या जोखमीचा निधी, असे नावच घेऊन आलेली ती व्यवस्था एप्रिल २०१६ मध्ये बंद झाली. त्याआधी, २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्यात कलम ३२ड आले आणि प्रत्येक कंपनीने थर्ड पार्टीचा ठरावीक किमान धंदा केलाच पाहिजे, असे बंधन पडले.

इथे एक फट आहे. कंपनीने एकूण किती धंदा करावा हे आपला कायदा सांगतो. परभणीच्या आरटीओसमोर उभ्या असलेल्या एका जुन्या एमएच-२२ जीपचा विमा कोणी उतरवावा, हे तो सांगत नाही. फ्रान्समध्ये सक्तीचा विमा कंपनीने नाकारला तर वाहनचालक एका मध्यवर्ती दर-मंडळाकडे जातो. मंडळ हप्ता ठरवते आणि कंपनीला तो स्वीकारावा लागतो. आपल्याकडे नाकारलेल्या माणसाने जायचे ते विमा नियामक प्राधिकरणाच्या तक्रार यंत्रणेकडे. न्यायालयाचा एक धागा मात्र हाताशी ठेवण्यासारखा आहे. बिमन कृष्ण बोस या २००१ च्या प्रकरणात विमाधारक आधी कोर्टाची पायरी चढला म्हणून सरकारी कंपनीने त्याच्या आरोग्यविम्याचे नूतनीकरण नाकारले होते. हा नकार मनमानी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. वाहनविम्यात हा धागा कुठवर ताणता येईल, हा अभ्यासाचा विषय आहे.

दुसरा टप्पा जुनी गाडी विकत घेण्याचा. व्यवहार झाला, पैसे दिले, फॉर्मवर सह्या झाल्या. पण आरसी बुक आणि पॉलिसी जुन्याच मालकाच्या नावावर राहिली. असे व्यवहार आपल्याकडे ढिगाने होतात. कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर विम्याचे प्रमाणपत्र नव्या मालकाकडे गेले असे मानले जाते आणि नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीला कळवायचे असते. पण हे ‘मानणे’ तिऱ्हाइताच्या विम्यापुरतेच आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीला ते लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कम्प्लीट इन्सुलेशन्स प्रकरणात १९९५ साली सांगितले. विकणाऱ्यालाही यातून सुटका नाही. नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याने मालक, हे २०१८ च्या नवीन कुमार निकालाने पक्के केले. गाडी विकून मोकळा झालो असे समजणाऱ्याच्या घरी न्यायाधिकरणाची नोटीस येते ती अशी.

तिसरा टप्पा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा. ग्राहक आयोगाचे खरे काम इथे आहे आणि वाचण्यासारखेही सर्वांत जास्त इथेच आहे. समजा, सेलू तालुक्यातली एक पिकअप कापूस घेऊन मानवतच्या बाजाराला निघाली. पहाटेच्या अंधारात रिफ्लेक्टर नसलेल्या उभ्या ट्रॉलीवर ती आदळली. केबिनमध्ये परवानगीपेक्षा दोन माणसे जास्त बसलेली. ड्रायव्हरकडे हलक्या वाहनाचा परवाना, पण त्यावर ‘ट्रान्सपोर्ट’चा शेरा नाही. मालकाने कंपनीला नऊ दिवसांनी कळवले. कंपनीचे पत्र तीन कारणे देते : परवाना योग्य नाही, माणसे जास्त होती, कळवायला उशीर झाला.

आता एकेक कारण तपासू. हलके वाहन चालवण्याचा परवाना असलेल्याला एकूण वजन ७,५०० किलोच्या आतले मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवायला वेगळा शेरा लागत नाही, असे मुकुंद देवांगन प्रकरणात २०१७ साली ठरले. विमा कंपन्यांनी त्यावर शंका घेतली, प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभा देवी प्रकरणात तोच निर्णय कायम झाला. आपली पिकअप या वजनात बसत असेल तर पहिले कारण टिकत नाही.

जास्तीच्या माणसांबद्दल बी. व्ही. नागराजू हा १९९६ चा निकाल वाचावा. मालवाहू गाडीत सहा माणसांची परवानगी असताना नऊ होती. समोरून टक्कर झाली. कंपनीने दावा नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न केला, ही जादा माणसे बसल्यामुळे अपघात झाला का? नसेल तर अटीचा भंग इतका मूलभूत नाही की सगळी भरपाईच बुडावी. पुढे नितीन खंडेलवाल (२००८) आणि अमलेंदू साहू (२०१०) या प्रकरणांत, अट मोडली असली तरी ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीने द्यावी, ही वाट रुळली. मनजीत सिंग प्रकरणात (२०१७) ट्रकचालकाने वाटेत माणसे घेतली आणि त्यांनीच त्याला मारहाण करून ट्रक पळवला. तिथेही ७५ टक्के मिळाले.

राहिला उशीर. खऱ्या दाव्याला नुसत्या उशिराच्या कारणाने नाकारू नका, असे परिपत्रक नियामक प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ रोजी काढले आहे. चोरीच्या बाबतीत तर गुरशिंदर सिंग हा २०२० चा निकाल पुरेसा बोलका आहे. त्यात चोरीला गेला होता ट्रॅक्टर. पोलिसांत फिर्याद त्याच दिवशी झाली. कंपनीला कळवले ५२ दिवसांनी. फिर्याद वेळेवर असेल तर कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा बुडत नाही, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले. अपघातात उशिराचे वजन थोडे वेगळे असते, कारण गाडी जागेवरून हलली की सर्व्हेअरला पाहायला काही उरत नाही. म्हणून नऊ दिवस का लागले याचा खुलासा मालकाकडे हवा. दवाखान्याची कागदपत्रे, पंचनामा, जागेवरचे फोटो. हेही लक्षात ठेवावे की सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी अंतिम नसतो. सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप कुमार प्रकरणात (२००९) हे स्पष्ट केले आहे.

कागदपत्रांच्या अडवणुकीचा एक नमुना गुरमेल सिंग प्रकरणात (२०२२) दिसतो. ट्रक चोरीला गेला, कंपनीने नोंदणी प्रमाणपत्राची प्रमाणित प्रत मागितली, आणि चोरीची नोंद असल्यामुळे आरटीओ ती देईना. जे कागद मिळवणे विमाधारकाच्या हातात नाही ते मागून दावा अडवणे गैर आहे, असे न्यायालयाने म्हटले. जून २०२४ च्या नियामक प्राधिकरणाच्या मुख्य परिपत्रकाने तर कागदपत्रांच्या अभावी दावा नाकारू नये, असे सांगितले आहे.

हे सगळे वाचून ग्राहक नेहमी जिंकतोच असे वाटले तर अभ्यास फसला. नरिंदर सिंग प्रकरणातही (२०१४) पिकअपच होती. तिच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपली होती. तशीच ती रस्त्यावर आली आणि अपघात झाला. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणणे हाच मूलभूत भंग, म्हणून दावा बुडाला. सुशील कुमार गोदारा प्रकरणात (२०२१) गाडी मुक्कामाच्या ठिकाणाबाहेरून चोरीला गेली. तात्पुरती नोंदणी संपलेली होती, म्हणून तोही दावा नामंजूर. आता हा निकाल खंडेलवालशेजारी ठेवून पाहा. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने वापरली, तरी तो वापर चोरीचे कारण नाही म्हणून पैसे मिळतात. नोंदणी संपली हेही चोरीचे कारण नाही, पण पैसे मिळत नाहीत. नुकसानीशी संबंध नसलेली कोणती चूक तरीही दावा बुडवते, ही या क्षेत्रातली जिवंत चर्चा आहे. नव्या अभ्यासकाला तिच्यात बोलायला भरपूर जागा आहे.

चौथा टप्पा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला. इथे दावा मालकाचा नसतो, जखमी माणसाचा किंवा मृताच्या घरच्यांचा असतो, आणि कंपनी म्हणते की मालकाने अटी मोडल्या, आम्ही देणे लागत नाही. स्वर्ण सिंग या २००४ च्या निकालाने याची चौकट घालून दिली. अट मोडली हे कंपनीने सिद्ध करायचे. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे मोडली हेही दाखवायचे. आणि तसे असले तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावून नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते. ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात ते हेच. मृताच्या घरात पैसे पोचतात, पण ते फेडायला मालकाची जमीनही जाऊ शकते. ‘इन्शुरन्स आहे ना, मग काळजी कशाला’ असे म्हणणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

परभणीसाठी यातला सर्वांत अवघड प्रश्न माणसे वाहणाऱ्या मालवाहू गाड्यांचा आहे. मालवाहू गाडीतून फुकट किंवा भाडे देऊन जाणाऱ्या प्रवाशांची जबाबदारी कायद्याप्रमाणे विमा कंपनीवर येत नाही, असे आशा राणी प्रकरणात २००२ साली ठरले. उसाच्या हंगामात टोळीची बायकामाणसे ट्रॉलीत बसून कारखान्याच्या वाटेला लागतात; लग्नाचे वऱ्हाड टेम्पोतून जाते; यात्रेला ट्रॅक्टर जुंपला जातो. शेतीकामासाठी म्हणून विमा उतरवलेला ट्रॅक्टर, विमाच नसलेली ट्रॉली आणि तिच्यात बसलेली वीस माणसे : यातल्या प्रत्येकाची कायद्यातली जागा वेगळी आहे.

आता दाद कुठे मागायची ते थोडक्यात. पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, लेखी. नियामक प्राधिकरणाचे ‘बिमा भरोसा’ पोर्टल आणि १५५२५५ हा क्रमांक त्यासाठी आहेच. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपाल. परभणीसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावे लागते, फी लागत नाही, आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नाही. तिसरी वाट परभणीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. कंपनीचे कार्यालय मुंबईला असले म्हणून मुंबई गाठावी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. आयोगाची मर्यादा नुकसानीच्या आकड्यावर नाही, दिलेल्या मोबदल्यावर ठरते, म्हणजे इथे हप्त्यावर. त्यामुळे वाहनविम्याची जवळपास प्रत्येक तक्रार जिल्ह्यातच चालते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. टेम्पो धंद्यासाठी आहे म्हणून मालक ग्राहक नाही, हा आक्षेप कंपन्या आवडीने घ्यायच्या. विमा नफ्यासाठी नसून नुकसान भरून काढण्यासाठी घेतला जातो, असे हरसोलिया मोटर्स प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने २००४ मध्ये म्हटले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच उचलून धरले.

या साऱ्याच्या मुळाशी एक कागद असतो, तो जवळून पाहू. बहुधा एकच पान, इंग्रजीत. वर दावा क्रमांक, पॉलिसी क्रमांक, घटनेची तारीख. मग ‘वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू’ने सुरू होणारा परिच्छेद, एका अटीचा क्रमांक, त्या अटीतली दोन वाक्ये आणि शेवटी फाइल ‘नो क्लेम’ म्हणून बंद केल्याची ओळ. त्या पत्रातल्या प्रत्येक शब्दाला किंमत आहे, कारण पत्रात न दिलेले कारण कंपनीला नंतर आयोगापुढे नव्याने उभे करता येत नाही; सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात २०१९ साली हे ठरले. म्हणूनच पत्र फाडून टाकणारा ग्राहक स्वतःचा सर्वांत चांगला पुरावा फाडत असतो. पाकीटही ठेवावे; मुदत मोजताना त्यावरचा टपालाचा शिक्का उपयोगी पडतो. आणि कंपनी नुसती तोंडी नाही म्हणत असेल, तर पहिले काम ते ‘नाही’ लेखी मागण्याचे.

शेवटी कामाचे आवाहन. मोठे निकाल दिल्लीत होतात, पण त्यांचा कच्चा माल जिल्ह्यांत तयार होतो. मराठवाड्यातल्या जिल्हा आयोगांचे कित्येक निकाल मराठीत लिहिलेले आहेत. शेतकरी अपघात विम्याचे दावे परवान्यासारख्या मुद्द्यांवर नाकारले गेले, त्याचीही प्रकरणे याच आयोगांपुढे मोठ्या संख्येने आली आणि तिथे वाहन, परवाना व कारणमीमांसा यांची चांगली चर्चा झाली. हे निकाल कोणी विषयवार लावलेले नाहीत. एखाद्या विद्यार्थ्याने परभणी आयोगाचे वाहनविम्याचे निकाल घेऊन चार रकाने पाडावेत : कंपनीने दिलेले कारण, त्या कारणाचा नुकसानीशी असलेला संबंध, आयोगाचा निर्णय, आणि अपिलात राज्य आयोगाच्या छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) परिक्रमा खंडपीठात त्याचे झाले काय. एवढे केले तरी नऊ तालुक्यांत कोणता नकार कुठे पडतो याचा नकाशा हाती येईल. हे करताना हरलेल्या ग्राहकांचे निकाल गाळू नयेत. जिंकलेल्या निकालांतून दाद कशी मागावी हे कळते. गाडी बाहेर काढण्याआधी काय तपासावे, हे हरलेल्या निकालांतून कळते.